नाकारलेल्या उमेदवाराचं देणं



चेन्नईहून बंगळुरूच्या महामार्गानं निघालं की श्रीपेरुंबुदूर लागतं आणि पुढे सुंगुवारछत्रम. जगभर विकल्या जाणाऱ्या आयफोनची जुळणी इथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात होते. मार्च 2023 मध्ये विशीतल्या दोघी बहिणी व्हॉट्सॲपवर आलेली नोकरीची जाहिरात पाहून या कारखान्यात मुलाखतीला आल्या. वाटेतच रिक्षावाल्यानं त्यांना सांगून टाकलं होतं, लग्न झालेल्या बायकांना इथे घेत नाहीत. तरी त्या गेल्या. गेटवर त्यांना पहिलाच प्रश्न आला, लग्न झालंय का? दोघींचंही झालं होतं. मुलाखत झालीच नाही, दोघी आल्या पावली परत गेल्या.

रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं ही हकीकत 25 जून 2024 रोजी प्रसिद्ध केली आणि देशभर खळबळ उडाली. कंपनीचे आजी-माजी अधिकारी आणि भरती करणाऱ्या डझनभराहून अधिक एजन्सींमधली माणसं यांच्याशी बोलून वृत्तसंस्थेनं लिहिलं होतं की, विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घ्यायचं टाळलं जातं आणि उत्पादनाची घाई असते तेव्हा हा नियम सैल होतो. कारणं दिली जात होती ती घरची जबाबदारी, बाळंतपण आणि रजा यांची. मंगळसूत्र आणि पायातली जोडवी कामात अडथळा आणतात, असंही सांगितलं जाई. फॉक्सकॉननं भेदभावाचा आरोप फेटाळला. नव्यानं घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 25 टक्के विवाहित आहेत आणि धातूच्या वस्तू काढून ठेवण्याचा नियम सुरक्षेसाठी सगळ्यांनाच लागू आहे, ही कंपनीची बाजू होती. केंद्रीय श्रम मंत्रालयानं दुसऱ्याच दिवशी तमिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. जुलैच्या सुरुवातीला श्रम खात्याचे अधिकारी कारखान्यात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की, तिथे काम करणाऱ्या 33,360 स्त्रियांपैकी 2,750 विवाहित आहेत. म्हणजे शंभरात आठ.

पुढच्या महिन्यात कंपनीचे अध्यक्ष यंग लिऊ चेन्नईत आले होते. निमित्त होतं वल्लम वडगल इथल्या 18,720 खाटांच्या कामगार वसतिगृहाच्या उद्घाटनाचं. कंपनी स्त्री-पुरुष भेद न करता माणसं घेते आणि विवाहित स्त्रियांचं कामात मोठं योगदान आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये रॉयटर्सनंच बातमी दिली की, जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांचे उल्लेख काढून टाका, असं कंपनीनं एजन्सींना बजावलं आहे.

आजच्या व्याख्यानाला हा विषय निवडला तो या घटनेमुळे. नोकरी मिळालेल्या माणसाच्या हक्कांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पगार, पीएफ, रजा, युनियन, सगळ्यावर चर्चा होते. नोकरी न मिळालेल्या माणसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो कंपनीचा नोकर नसतो, त्याच्याशी करार झालेला नसतो आणि त्याची तक्रार ऐकायला कुणी बसलेलं नसतं. एका जागेसाठी शंभर अर्ज येत असतील, तर भरती करणाऱ्याचा संबंध नव्याण्णव वेळा अशाच माणसाशी येतो. या नव्याण्णव जणांना नोकरी देणं मालकाला शक्य नसतं. पण नोकरीची खरी माहिती, कामापुरतेच प्रश्न, वेळेची आणि पैशाची कदर आणि अखेरीस एक स्पष्ट उत्तर, हे चारही त्याच्या हातात असतं. नाकारलेल्या उमेदवाराचं मालक एवढं देणं लागतो, असं या व्याख्यानाचं म्हणणं आहे.

सुरुवात प्रश्नांपासून करू.

विवाहित स्त्री फार गैरहजर राहते, हा युक्तिवाद श्रीपेरुंबुदूरमध्ये जन्मलेला नाही. 1965 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात मुंबईहून गेला होता. इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत पॅकिंग विभागात काम करणाऱ्या मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी संपायची, तसा नियमच होता. बॉम्बे लेबर युनियननं त्याला आव्हान दिलं. या विभागात मुली गटानं काम करतात, एक गैरहजर राहिली की सगळ्यांचं काम अडतं आणि विवाहितांच्या गैरहजेरीचं प्रमाण जास्त असतं, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयानं तो मान्य केला नाही आणि नियम रद्द करायला लावला. 1979 मध्ये सी. बी. मुथम्मा यांनी परराष्ट्र सेवेतले असेच नियम न्यायालयात नेले. मुथम्मा मूळच्या कोडगूच्या, पण त्यांचं महाविद्यालयीन शिक्षण याच चेन्नईत, विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात झालं. स्त्री अधिकाऱ्यानं लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही, असे ते नियम होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

नीरा माथुर यांचा खटला 1991 मधला. आयुर्विमा महामंडळात सहाय्यक म्हणून निवड झाल्यावर त्यांना एक प्रतिज्ञापत्र भरायला दिलं गेलं. मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, असे रकाने त्यात होते. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिल्याचं कारण देऊन त्यांना कमी करण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि हे रकाने अर्जातून काढून टाकायला सांगितलं. हा अर्ज कुणा एका विकृत माणसानं तयार केलेला नव्हता. कार्यालयात तो वर्षानुवर्षं छापला जात होता, वाटला जात होता, भरून घेतला जात होता. सहाय्यकाच्या कामाचा आणि या रकान्यांचा संबंध काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. उमेदवाराला द्यायच्या वागणुकीतले बहुतेक दोष असेच असतात. छापील अर्जात आणि रोजच्या सवयीत ते मुरलेले असतात.

आज मुलाखतीत असे प्रश्न सहसा कागदावर नसतात. ते गप्पांच्या ओघात येतात. मिस्टर काय करतात? मुलं कुणाकडे असतात? लग्नाचं काय ठरवलंय? विचारणाऱ्याला ही आपुलकी वाटते. पण समोरच्या मुलीला आपल्या उत्तरानं तराजू कुठे झुकणार, हे पक्कं कळत असतं. 1976 च्या समान वेतन कायद्यानं भरतीतल्या लिंगभेदाला मनाई केली होती. आता त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही ती मनाई आहे आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. कायदा आहे, पण बंद खोलीत विचारलेल्या प्रश्नापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे भरती करणाऱ्यानंच स्वतःला आवर घालायचा असतो.

‘घरची पार्श्वभूमी’ हाही असाच एक प्रश्न. 2007 मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या 25 मनुष्यबळ व्यवस्थापकांशी सविस्तर बोलून एक निबंध लिहिला. गुणवत्तेशिवाय आम्ही काही बघत नाही, असं हे व्यवस्थापक ठासून सांगत. तेच व्यवस्थापक उमेदवाराचे वडील काय करतात, भावंडं किती शिकलीत, घर कुठे आहे, हेही विचारत आणि त्यावरून माणूस ‘बसेल’ की नाही ते ठरवत. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलाजवळ या प्रश्नांची त्यांना हवी तशी उत्तरं नसतातच.

मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचण्याआधी काय घडतं, हे त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवून दिलं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह हा प्रयोग केला. 66 आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती त्यांनी जमवल्या आणि 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं गुणोत्तर दोन-तृतीयांशाच्या आसपास भरलं आणि मुस्लिम नावाचं जेमतेम एक-तृतीयांश. अर्जातलं शिक्षण वाचायच्या आधी डोळे आडनावावर थांबत होते.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. 1955 च्या सुमाराला इस्रायलच्या सैन्यात डॅनिएल कानेमन नावाचा विशीतला अधिकारी होता. हेच कानेमन पुढे अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. सैनिकांच्या मुलाखती त्या काळी मनमोकळ्या गप्पांसारख्या चालत आणि शेवटी घेणाऱ्याचं जे मत होई त्यावर निवड होई. त्या मताचा पुढच्या कामगिरीशी फारसा मेळ बसत नसे. कानेमन यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकाला साधे, वस्तुस्थितीचे प्रश्न लावून दिले आणि एका गुणाचे आकडे लिहिल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही, अशी शिस्त घातली. मुलाखत घेणारे चिडले, पण निवड सुधारली. पुढच्या अनेक दशकांच्या संशोधनानंही हेच दाखवलं आहे की, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही निवडीच्या सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी एक आहे. इथे मालकाचा फायदा आणि उमेदवाराचा मान दोन्ही एकाच कागदावर येतात. प्रश्न आधी लिहून काढले की अनावश्यक प्रश्न आपोआप गळतात.

आता वेळ आणि पैसा यांकडे वळू. नोकरी मिळण्याआधी उमेदवार किती खर्च करतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तलाठी पदाच्या 4,644 जागांसाठी 2023 मध्ये महाराष्ट्रात दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क होतं खुल्या गटासाठी 1,000 रुपये आणि राखीव गटासाठी 900 रुपये. गुणाकार केला तर रक्कम शंभर कोटींच्या आसपास जाते आणि ती भरणारी बहुतांश मुलं बेरोजगार. याच्याशेजारी तमिळनाडू लोकसेवा आयोगाची पद्धत ठेवून पाहावी. ‘ग्रुप फोर’ परीक्षेचं शुल्क 100 रुपये. नोंदणीचे 150 रुपये एकदा भरले की पाच वर्षं चालतात. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि निराधार विधवा यांना शुल्क माफ. 2022 मध्ये या परीक्षेला 7,301 जागांसाठी सुमारे 22 लाख अर्ज आले होते. गर्दी इथेही प्रचंड, निकालाला इथेही आठ महिने लागले. पण परीक्षेचा खर्च परीक्षार्थीच्या खिशातून वसूल करायचा नाही, हे धोरण इथे टिकून आहे.

भरतीत उमेदवाराला न्याय देण्याच्या या विचाराला इतिहास आहे. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. 1921 मध्ये मद्रास प्रांतात जस्टिस पक्षाच्या सरकारनं सर्व समाजांना नोकऱ्यांत वाटा देणारा आदेश काढला. 1929 मध्ये याच शहरात मद्रास सेवा आयोग सुरू झाला. देशातला तो पहिला प्रांतिक आयोग. साहेबाच्या मर्जीवर आणि नातेवाइकांच्या चिठ्ठीवर होणारी भरती नियमांखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. उमेदवाराला न्याय द्यायचा तर निवड करणाऱ्याच्या हातातली मोकळीक कमी करावी लागते, हे कोल्हापूरनं आणि मद्रासनं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पैशापेक्षाही महाग असतो तो जीव. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचे प्राण गेले. दूरदूरच्या गावांतून रात्रीचा प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, धड न जेवलेली पोरं दमट उन्हात धावत होती. त्यानंतर अंतर कमी झालं. आज पुरुषांना 1,600 मीटर आणि स्त्रियांना 800 मीटर धावावं लागतं. पण भरतीच्या दिवसांत मैदानाबाहेर पथारी टाकून झोपलेली पोरं अजूनही दिसतात. 16 जुलै 2024 रोजी मुंबईतच, कालिन्याला, विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या 2,216 जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. अंदाजे 25,000 तरुण लोटले. चेंगराचेंगरीची वेळ आली. शेवटी अर्जाचे कागद ठेवून जा, असं सांगून सगळ्यांना परत पाठवण्यात आलं. अर्ज आधी मागवून, छाननी करून, वेळ वाटून दिली असती तर बुलढाण्यासारख्या दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या पोरांचा रात्रभराचा प्रवास वाचला असता.

चांगलं वागणं जमतं, याचेही दाखले आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांना रेल्वेभाडं देतो. सुधा मूर्ती यांनी लिहून ठेवलेली हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. 1974 मध्ये स्त्रियांनी अर्ज करू नये, असं छापणाऱ्या टेल्कोच्या जाहिरातीविरुद्ध त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना तारेनं मुलाखतीचं बोलावणं आलं. या गोष्टीतल्या पोस्टकार्डाचं सगळ्यांना कौतुक असतं. तारेतल्या एका तपशिलाकडे मात्र दुर्लक्ष होतं. पुण्याला यायचा-जायचा खर्च कंपनी देणार होती. विद्यार्थिनीला ते केवढं मोठं होतं!

चेन्नईतच पाहायचं तर जयश्री रवींद्रन यांनी 1995 मध्ये सुरू केलेली अ‍ॅबिलिटी फाउंडेशन आहे. दिव्यांगांसाठी ही संस्था रोजगार मेळावे भरवते आणि कंपन्यांना तिथे येऊन मुलाखती घ्याव्या लागतात. रॅम्प असतो, सांकेतिक भाषेचे दुभाषे असतात. कर्णबधिर उमेदवारासमोर बसलेला व्यवस्थापक आयुष्यात पहिल्यांदाच दुभाष्याच्या मदतीनं मुलाखत घेतो आणि कामाचं बोलणं होऊ शकतं, हे त्याच्या लक्षात येतं. सौंदर्या राजेश यांची 2000 मध्ये सुरू झालेली अवतार ही संस्था मुलंबाळं, आजारपण, बदली यांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना परत कामावर आणण्यासाठी उभी राहिली. बायोडेटातली पाच वर्षांची रिकामी जागा तिथे आळस किंवा अपयश ठरत नाही. आणि श्रीधर वेम्बू यांच्या झोहोनं सुमारे वीस वर्षांपूर्वी बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. फी नाही, उलट शिकताना विद्यावेतन. त्यानंतर कंपनीतच काम. पदवीचा कागद न मागता माणूस करून दाखवू शकतो का, एवढंच पाहायचं ठरवलं की तेनकासीकडच्या खेड्यातल्या मुलालाही सॉफ्टवेअर कंपनीत दार उघडतं.

तिसरं देणं खऱ्या माहितीचं. या शहरानं त्याचा मोठा धडा 2016 मध्ये पाहिला. तमिळनाडूतल्या इंजिनीअरिंग कॉलेजांमधून एल अँड टी इन्फोटेकनं 2014 मध्ये कॅम्पसमध्ये मुलं निवडली होती. मुलं पदवीधर झाली आणि रुजू होण्याच्या तारखेची वाट बघत बसली. दीड वर्ष गेलं. मग पुन्हा एक चाचणी घेण्यात आली आणि तिचं कारण देऊन ऑफर रद्द केल्याचे ई-मेल आले. त्या वेळच्या बातम्यांत मुलांची संख्या सुमारे 1,500 होती. मुलांनी चेन्नईत आंदोलन केलं. यातला खरा घाव बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. कॅम्पसमध्ये साधारणपणे एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो. एका कंपनीनं निवडलं की पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसता येत नाही. म्हणजे ऑफर लेटर हातात पडताच मुलाची बाकीची सगळी दारं बंद होतात. दीड वर्षानं तेच पत्र मागे घेतलं, तर त्याच्याजवळ ‘फ्रेशर’ असल्याचं भांडवलही उरत नाही. वर शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

हा प्रकार एका कंपनीपुरता राहिला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवोदितांना साडेतीन लाखांवर येणार का, असं विचारलं. इन्फोसिसनं 2022 मध्ये निवडलेली अनेक मुलं दोन वर्षं थांबून होती. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं 2024 मध्ये श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. तिच्या म्हणण्यानुसार अशी मुलं सुमारे दोन हजार होती. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पत्रं गेली आणि 7 ऑक्टोबर 2024 ही रुजू होण्याची तारीख मिळाली. मंदी येते, प्रकल्प रद्द होतात, हे कुणीही समजून घेईल. पण धंद्यातली जोखीम उद्योजकानं घ्यायची असते. बावीस वर्षांच्या मुलाला थांबवून ठेवलं की ती जोखीम त्याच्या खांद्यावर जाते. तारीख लांबणार असेल तर लगेच लेखी कळवावं, दुसरीकडे जायला मोकळीक द्यावी आणि ऑफर मागे घेतली तर काही महिन्यांचा पगार द्यावा. ताळेबंदात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी लहान असते.

एजन्सीच्या पडद्याआडही खरी माहिती हरवते. मोठ्या कारखान्यांतली भरती ठेकेदारांमार्फत होते. जाहिरात कुणी लिहिली, अट कुणी घातली, पैसे कुणी मागितले, यावर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या कराराचं तत्त्व सरळ आहे. भरती करणाऱ्या खासगी एजन्सीनं कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, तो खर्च मालकाचा. ज्याच्या कारखान्यात माणूस काम करणार, त्यानंच भरतीच्या प्रत्येक पायरीची जबाबदारी घ्यावी.

आणि शेवटचं देणं उत्तराचं. ‘आम्ही कळवतो’ असं म्हणून बहुतेक मुलाखती संपतात आणि नंतर कुणी काही कळवत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतरसुद्धा नकार असेल तर तो मध्यस्थाकरवी चार दिवसांत पोहोचवायचा, ही रीत आपल्या घरांमधून पाळली जाई. तीन-चार फेऱ्या घेऊन, घरी सोडवायला काम देऊन, मग गप्प बसणाऱ्या कंपनीला एवढंही जमत नाही. वाट पाहणारा माणूस दुसरी नोकरी घ्यायला कचरतो, घरमालकाला काय सांगावं हे त्याला कळत नाही, रोज ई-मेल उघडून बघतो. निकाल ‘नाही’ असा असला, तरी तो कळला की त्याचा पुढचा दिवस त्याच्या हातात येतो.

इथे चेन्नईच्या सौकारपेठ परिसरातल्या मराठी गलाई व्यावसायिकांची आठवण करणं योग्य ठरेल. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून निघून सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायात ही माणसं देशभर पसरली. दुकानावर पोरगा ठेवायचा तर गावाकडून, नात्यातून, ओळखीतून आणायचा, अशी जुनी रीत. तिच्यात बाहेरच्याला शिरकाव नाही, हा तिचा मोठा दोष. पण मालकाला पोराच्या बापाला तोंड दाखवायचं असतं. पोर ठेवणार नसलो तर तसं सांगावं लागतं, नाहीतर जत्रेत गाठ पडते. पोर्टलवरच्या भरतीनं दार सगळ्यांना उघडं केलं, हे चांगलंच झालं. पण जत्रेत गाठ पडण्याचा धाक तिच्यातून गेला. त्याची जागा आता लेखी नियमानं भरून काढायला हवी.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं तसा नियम केला आहे. 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या मालकानं जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत निवडीचा निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावं लागतं. जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते आणि छाननीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जात असेल तर तेही सांगावं लागतं. युरोपीय संघानं 2023 मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि त्यानुसार कायदे करायला सदस्य देशांना 7 जून 2026 पर्यंतची मुदत दिली. मुलाखतीआधीच उमेदवाराला पगाराचा अंदाज द्यायचा आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होतं हे विचारायचं नाही, अशा त्यातल्या तरतुदी आहेत.

आता आपल्या शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. ओरगडमला डाइमलरचे ट्रक बनतात, रेनॉच्या गाड्याही तिथेच तयार होतात. महिंद्रा वर्ल्ड सिटीत 2007 पासून बीएमडब्ल्यूची जुळणी चालते. त्यांची मुख्य कार्यालयं जर्मनीत आणि फ्रान्समध्ये, म्हणजे या निर्देशाच्या कक्षेत आहेत. तिकडच्या उमेदवाराला देणार ती माहिती इकडच्या आयटीआय झालेल्या मुलाला द्यायला त्यांना कोणताही भारतीय कायदा आडवा येत नाही. आणि आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकजण अशाच कंपन्यांमध्ये भरतीच्या कागदांवर सह्या करतात, मुलाखतीच्या टेबलामागे बसतात. जाहिरातीत पगाराचा आकडा, सर्वांना तेच लिखित प्रश्न, लांबच्या उमेदवाराला प्रवासखर्च आणि 45 दिवसांत उत्तर, एवढं त्यांनी आपल्या विभागापुरतं सुरू करावं. त्यासाठी दिल्लीहून आदेश यायची गरज नाही. एका कारखान्यानं हे केलं की शेजारच्यांनाही करावं लागेल, कारण श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या वसतिगृहांत राहणारी मुलं-मुली कुठली कंपनी कशी वागते हे एकमेकांना त्याच संध्याकाळी सांगतात आणि पुढचा अर्ज कुठे करायचा ते त्यावरूनच ठरवतात.